कल्पित भाषेचे आवाज कसे ठरवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरीसाठी, नाटकासाठी, गेमसाठी किंवा निव्वळ हौसेखातर स्वतःची भाषा रचू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. विचारणारे बहुतेक डहाणू ते वेंगुर्ला या पट्ट्यातले, त्यामुळे उदाहरणंही इथलीच. व्याकरण आणि शब्दसंग्रह यांत शिरलेलो नाही, फक्त आवाजांबद्दल बोललो आहे. दाखवायला हाताशी काही हवं म्हणून माझीच एक भाषा घेतली आहे. तिचं नाव सुवेङ. नकाशावर नसलेल्या बेटांवरचे दर्यावर्दी लोक ती बोलतात.

आधी शब्द करावेत की आधी आवाज?

आधी आवाज. शब्द आधी केले की प्रत्येक शब्द त्या दिवशीच्या लहरीप्रमाणे होतो. एक जपानी वाटतो, दुसरा अरबी, तिसरा म्हणजे मराठी शब्द उलटा वाचलेला. मग कथेत नावं पक्की झालेली असतात आणि ती बदलायला जीव होत नाही. मात्र आवाजांचा तक्ता पूर्ण झाल्याशिवाय एकही शब्द करायचा नाही, असंही नाही. कच्ची यादी, तिच्यावरून वीसेक शब्द, ते मोठ्याने म्हणून पाहणं, मग यादीत फेरफार, असं चालू द्या.

मराठी मुळाक्षरांतली आवडती अक्षरं उचलली, तर काम होईल ना?

यादी होईल. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, ती आधी ओळखा. बालवाडीच्या भिंतीवर लावलेला क ते म चा तक्ता हे ध्वनिशास्त्रच आहे. आडव्या ओळी उच्चाराची जागा सांगतात. कवर्ग घशाजवळ, मग चवर्ग, टवर्ग, तवर्ग असं पुढे सरकत पवर्गाला ओठांवर येतो. उभे रकाने उच्चाराची रीत सांगतात. पहिला रकाना अघोष, दुसरा त्याचाच महाप्राण (ह मिसळलेला), तिसरा घोष, चौथा घोष महाप्राण, पाचवा अनुनासिक. क, ट, प म्हणताना कंठ थरथरत नाही, ग, ड, ब म्हणताना थरथरतो. गळ्याला बोट लावून पाहा.

आता भाषा रचताना सुटी अक्षरं न उचलता या तक्त्याच्या ओळी आणि रकाने उचला. महाप्राण नको असतील तर दोन्ही रकाने काढा. टवर्ग नको असेल तर सगळी ओळ काढा. 'ठ' आवडतो म्हणून ठेवला आणि 'ट' नाहीच, 'भ' आहे पण 'ब' नाही, असं कडबोळं ऐकणाऱ्याला लगेच खोटं वाटतं. का, ते त्याला कदाचित सांगता येणार नाही, पण कानाला कळतं.

मात्र तक्ता अगदी चौकोनीही ठेवू नका. खऱ्या भाषांत भोकं असतात, आणि ती कुठेही पडत नाहीत. अघोष आवाजांत 'प' गळण्याची शक्यता जास्त, घोष आवाजांत 'ग' गळण्याची. थाई भाषेत ब आणि द आहेत, ग नाही. 'ग' म्हणताना तोंड मागेच बंद होतं, बंद जागेमागे हवेला जागा थोडी उरते, दाब झटकन वाढतो आणि कंठाची थरथर थांबते. म्हणून तो आवाज टिकवायला कठीण. अरबीत 'प' नाही, आणि 'पार्स'चं 'फार्स' झालं ते त्यामुळेच. पारशी आणि फारसी हे दोन्ही शब्द आपण सुखाने वापरतो. तुमच्या तक्त्यात एखादं भोक हवं असेल तर या दोन जागा उत्तम.

एकंदर किती आवाज पुरेत?

पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावरच्या रोटोकास भाषेच्या एका बोलीत एकूण ११ स्वनिम आहेत, म्हणजे अर्थ बदलू शकणारे आवाज. दुसऱ्या टोकाला आफ्रिकेच्या दक्षिणेची टा भाषा, तिच्यात शंभराहून जास्त. मधल्या भाषांत व्यंजनं सरासरी बाविसाच्या आसपास असतात, आणि स्वरांचा सर्वांत जास्त आढळणारा आकडा पाच. रचलेल्या भाषांत एस्पेरांतो (१८८७) २३ व्यंजनं आणि ५ स्वरांवर उभी आहे. टोकी पोना (२००१) ९ व्यंजनं आणि ५ स्वरांवर भागवते.

सुवेङमध्ये ११ व्यंजनं आहेत: प, त, क, स, ह, म, न, ङ, ल, व, य. स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. 'र' नाही. (१८८० च्या सुमारास व्होलाप्युक भाषा करणाऱ्या श्लायरनेही 'र' शक्यतो टाळला होता. चिनी लोकांना तो जड जातो, असं त्याला वाटलं.) सुवेङच्या एका उच्चारखंडात सुरुवातीला एक व्यंजन किंवा काहीच नाही, मग स्वर, शेवटी हवा तर 'ङ'. हिशेब करा: १२ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे १२० खंड. दोन खंडांचे शब्द १४,४०० होऊ शकतात. एका कादंबरीला हे भरपूर झालं. आवाज याहून कमी कराल तर शब्द लांबत जातील, त्याची तयारी ठेवा.

'ळ' ठेवू का?

हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच. ठेवा, पण 'ल'पासून वेगळा ठेवा. काल–काळ, मूल–मूळ अशा जोड्या तुमच्या भाषेतही असल्या पाहिजेत, नाहीतर तो नुसता दागिना.

त्याहून मजेची गोष्ट वेगळीच आहे. मराठीत 'ळ' शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. 'ळामे' असा शब्द लिहून पाहा. एकही नवा आवाज नाही, तरी शब्द परका वाटतो. सुवेङमध्ये मी 'ङ' शब्दारंभी आणला तो याच हिशेबाने. समुद्राला 'ङाले' म्हणतात. मराठी वाचक तिथे क्षणभर अडखळतो, पण 'रंग' म्हणणाऱ्या जिभेला तो आवाज येतोच. वाचकाला न जमणारे आवाज आणण्यापेक्षा जमणारे आवाज अनोळखी जागी ठेवणं मला केव्हाही जास्त पसंत आहे.

अक्षर आणि आवाज यांत फरक काय? आपण लिहितो तसंच बोलतो ना?

नाही हो. जग (दुनिया) आणि जग (जगत राहा) एकदा म्हणून पाहा. लेखन एक, 'ज' दोन. 'माझा' म्हणताना एक झ येतो आणि 'माझी' म्हणताना दुसरा. आंबा, अंगण, घंटा, दंत या चारही शब्दांवर टिंब सारखंच आहे, पण आंब्यात ओठ मिटतात, अंगणात जीभ मागे जाते, घंटेत ती टाळूकडे वळते, दंतात दातांना लागते. आपल्याला हे ऐकूही येत नाही, कारण पुढचं व्यंजन कळलं की टिंबाचा उच्चार ठरलेलाच असतो.

भाषा रचताना हाच भेद वापरायचा आहे. कोणते दोन आवाज अर्थ बदलतात आणि कोणते फक्त शेजाऱ्याप्रमाणे रंग बदलतात, हे लिहून ठेवा. सुवेङमध्ये ग, द, ब हे आवाज ऐकू येतात, पण ते स्वतंत्र नाहीत. दोन स्वरांमध्ये सापडलेला क, त, प घोष होतो, इतकंच. जाळ्याला 'माकी' म्हणतात, पण कानावर पडतं 'मागी'.

जोडाक्षरांचं काय करायचं?

परवानगी कशाला आहे यापेक्षा मनाई कशाला आहे ते आधी ठरवा. भाषेचा चेहरा मनाईतून दिसतो. हवाईयन भाषेत दोन व्यंजनं सलग येत नाहीत आणि शब्द व्यंजनाने संपत नाही. जपानीत शेवटी जवळजवळ फक्त 'न'सारखा अनुनासिक चालतो. मराठीत प्र, त्र, स्व, क्ष सुखाने चालतात, पण 'र्प' किंवा 'ल्क' यांनी शब्द सुरू होत नाही. स्वराकडे जाताना आवाज मोकळा होत जातो आणि स्वरानंतर मिटत जातो, हा साधारण कल जगभर दिसतो. 'प्र' चालतो आणि 'र्प' अडतो, त्याचं कारण हे. कल मोडणाऱ्या भाषाही आहेत. तुम्हाला मोडायचा असेल तर एकाच ठिकाणी मोडा, आणि तिथे सातत्य ठेवा.

आमची भाषा समुद्रकाठच्या लोकांची आहे. ती मऊ, लाटांसारखी नको का?

कशासाठी? कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नुक्साल्क भाषेत स्वर मुळीच नसलेले शब्द आहेत. काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियन भाषेत व्यंजनांच्या अशा रांगा लागतात की आपण श्वास घ्यायला थांबतो. दोन्ही किनाऱ्याच्याच भाषा. खाऱ्या वाऱ्याने 'ल' वाढत नाहीत. हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी उभे राहा, मऊपणाची कल्पना आपोआप उतरेल.

मात्र लांबून हाक मारायची असेल, तर फरक पडतो. मोकळे स्वर लांब जातात, स आणि फ वाऱ्यात विरतात. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावर स्पॅनिश चक्क शिट्टीतून बोलतात आणि ती दरीपलीकडे ऐकू जाते. युनेस्कोने २००९ मध्ये तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तुमच्या लोकांना खाडीपलीकडे हाका मारायच्या असतील, तर सगळी भाषा बदलू नका, हाकांचे शब्द तेवढे 'आ' आणि 'ओ'वर संपवा.

आमच्या मालवणीतच थोडे बदल करून नवी भाषा केली, तर चलात काय?

चलात. पण घाटावरचा वाचक फसला तरी कणकवलीतला पहिल्या ओळीतच पकडेल, आणि 'ह्यां आमचांच' म्हणून हसेल. माका-तुका, माझो-तुझो हे ठसे फार ओळखीचे आहेत.

शब्द घेऊ नका, घडण घ्या. उदाहरणार्थ, नाकातले स्वर. प्रमाण मराठीतून ते केव्हाच गेले. 'केलें', 'जें' यांवरची टिंबं १९६२ च्या लेखननियमांनी लेखनातूनही काढली. मालवणीत आणि चित्पावनीत मात्र सानुनासिक स्वर जिवंत आहेत. तुमच्या भाषेत स्वरांचा साधा संच आणि सानुनासिक संच असे दोन ठेवा आणि अर्थभेद त्यांच्यावर उभा करा. किनाऱ्याचा वास राहील, पण मालवणीची नक्कल होणार नाही. उत्तरेकडे आगरी-कोळी बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. तोही उचलण्याजोगा नियम आहे, कारण तो सगळ्या शब्दांना लागतो. त्याला अशुद्ध म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

खलनायकांची भाषा खरखरीत, घशातली ठेवली तर?

सगळे तेच करतात, म्हणूनच करू नका. शिवाय हे घशातले आवाज कोणाच्या तरी आईच्या बोलण्यातले असतात. शेजारच्या खऱ्या समाजाची लकब, मग ती कातकरी असो, कोकणी मुसलमानांची असो की आगऱ्यांची, दरोडेखोरांच्या तोंडी घालणं तर मला साफ नामंजूर आहे. मऊ, स्वरांनी भरलेल्या भाषेत दिलेली धमकी जास्त अंगावर येते. करून पाहा.

सिनेमांतल्या भाषांचे आवाज कसे ठरवले?

प्रत्येकाची वाट निराळी. १९८४ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी मार्क ओक्रँड यांनी क्लिंगॉन रचली. परग्रहावरची वाटावी म्हणून सहसा एकत्र न येणारे आवाज मुद्दाम एकत्र आणले. तिच्यात 'ड' मूर्धन्य आहे, जीभ वळवून म्हणायचा, पण त्याच्या जोडीचा 'ट' नाही. तिचा 'स' आपल्या पोटफोड्या 'ष'जवळचा आहे. अमेरिकन प्रेक्षकाला हे अवघड वाटतं. आपल्याला 'ड'चं काय कौतुक! परकेपणा ऐकणाऱ्याच्या कानावर ठरतो, हे यातून घ्या. मराठी वाचकासाठी परकं काय, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

'अवतार' चित्रपटासाठी (२००९) पॉल फ्रोमर यांनी केलेल्या नावी भाषेत ब, द, ग नाहीत. त्याऐवजी हवेचा झटका देऊन म्हणायचे प, त, क आहेत. आपल्याकडे 'बाहुबली'साठी (२०१५) मदन कार्की यांनी किलिकी केली, ती बहुतेकांना आठवत असेल.

जिभेचा टकटक आवाज व्यंजन म्हणून वापरू का?

झुलू आणि खोसा भाषांत ती खरीच व्यंजनं आहेत. आपण ते आवाज हळहळताना किंवा बैलाला हाकताना काढतो, शब्दात कधी घालत नाही. वापरायचे तर एक-दोनच, आणि लिहिणार कसे ते आधी ठरवा.

चिनीसारखे, शब्दाचा अर्थ बदलणारे सूर आणू का?

त्यासाठी चीनपर्यंत जायला नको. पंजाबीत जुने घ, ध, भ गेले आणि त्यांच्या जागी सुराचा फरक आला. पुस्तकातल्या भाषेसाठी मी सूर टाळतो, वाचक ते वाचतच नाही. आघाताचंही, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याचंही, तेच. एस्पेरांतोप्रमाणे शेवटून दुसऱ्या खंडावर ठेवून मोकळे व्हा. नट बोलणार असतील तर गोष्ट वेगळी.

आवाज एकमेकांना भेटले की बदलतात, हे भाषेत कसं आणायचं?

इथे वेळ घाला. बाकी कशाहीपेक्षा याने भाषा खरी वाटते.

मराठीत पाहा: माणूस–माणसाला, लाकूड–लाकडाचं, कापूस–कापसाचा. प्रत्यय लागला की मधला 'ऊ' ढासळतो. पाऊस–पावसात, देऊळ–देवळात इथे त्याच 'ऊ'चा 'व' झाला. कोणी पाठ करत नाही, पण चौथीतलं पोरही चुकत नाही.

सुवेङमध्ये अनेकवचनासाठी 'ना' आधी लागतो. तोलु म्हणजे दगड. नातोलु व्हायला हवं, पण 'त' दोन स्वरांमध्ये सापडला, म्हणून नादोलु. कोमे म्हणजे होडी, होड्या म्हणजे नागोमे. नियम एकच, पण क, त, प ने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दाचं पहिलं व्यंजन हललेलं दिसतं.

आता काळ पुढे ढकला. उत्तरेच्या बेटांवर स्वरांमधला 'ग' हळूहळू गळाला. मागीचं माई झालं आणि नागोमेचं नाओमे. आता तिथलं मूल 'एक कोमे, अनेक नाओमे' शिकतं आणि ही जोडी अनियमित वाटते. अनियमितपणा असा आला पाहिजे. तो वरून भुरभुरवला की खोटा दिसतो. नियम लावा, काळ जाऊ द्या, मग नियम पुसून टाका, खुणा राहतात. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम या तिन्ही साखळ्या समोर ठेवा. जोडाक्षर आधी सारखं झालं, मग एक व्यंजन गेलं आणि मागचा स्वर लांबला. तिन्ही ठिकाणी क्रम तोच.

दक्षिणेच्या बेटांवर दुसराच नियम लागला, 'ङ'चा 'न' झाला. ङालेचं नाले झालं. तिथे 'नाले' शब्द आधीपासून 'उद्या' या अर्थाने होता, म्हणून दोन्ही एकच झाले आणि लोक समुद्राला 'मोठं पाणी' म्हणू लागले. अशी टक्कर झाली की दुरुस्त करू नका. त्यातून कथेला चांगलं काही मिळतं.

कोकणात खरोखर नवी भाषा जन्मल्याचं उदाहरण आहे का?

रायगड जिल्ह्यात, रेवदंड्यासमोरचं कोर्लई. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, गावातले ख्रिस्ती लोक राहिले आणि त्यांची पोर्तुगीजपासून झालेली बोलीही राहिली. ते तिला 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी. ती कोणी बसून रचलेली नाही, त्यामुळे तिला कल्पित भाषांच्या पंगतीत बसवू नका. पण दोन लोकांच्या संपर्कातून झालेली भाषा दाखवायची असेल, तर नमुना आपल्याच किनाऱ्यावर आहे.

देवनागरीत लिहिताना काय सांभाळायचं?

मुख्य अडचण 'अ'ची. 'कमल'च्या शेवटी आपण 'अ' म्हणत नाही, 'समुद्र'च्या शेवटी म्हणतो. वाचक तुमच्या शब्दांवरही हीच सवय चालवणार. सुवेङमध्ये मी 'अ' ठेवलाच नाही, त्यामुळे मात्रा नसलेलं अक्षर दिसलं की ते पाय मोडलेलंच समजायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसेल तर एकच वेलांटी, एकच उकार वापरायला हवा. मी शब्दाच्या शेवटी सवयीने 'माकी' दीर्घ लिहितो, ते शिस्तीच्या लोकांना खटकेल.

छापील कथेत उच्चाराप्रमाणे लिहा, म्हणजे नादोलु. स्वतःच्या वहीत मूळ रूप, नातोलु. दोन्ही एकत्र केलंत तर महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही.

गावांची नावं?

बहुतेक वाचकांना तुमची भाषा फक्त नकाशावर भेटणार आहे, तेव्हा हात आखडू नका. कणकवली, डोंबिवली, बोरिवली. दापोली, आंबोली. एसटीची पाटी वाचतानाच शेवटांची लय कळते. पाच-सहा शेवट ठरवा, तेच पुन्हा वापरा, आणि दोन-तीन नावं अशी ठेवा जी कोणत्याच साच्यात बसत नाहीत. ती आधीच्या रहिवाशांची.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकावी लागेल का?

दुसऱ्या रचणाऱ्यांशी बोलायचं असेल तर हो. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या संघटनेची ती लिपी आहे. वर्गांचा तक्ता येत असेल तर तिचा व्यंजनांचा तक्ता एका संध्याकाळचं काम आहे. ओठ डावीकडे, घसा उजवीकडे, म्हणजे आपल्या उलट क्रमाने. स्वरांना जास्त वेळ लागतो.

आवाज जमले की नाही, हे कसं तपासायचं?

तुमच्या भाषेतले तीसेक शब्द कोणाला तरी दोनदा वाचून दाखवा, नियम सांगू नका. मग दहा नवे शब्द द्या, पाच नियमात बसणारे, पाच मोडणारे, आणि विचारा की यातले कोणते या भाषेतले असतील. मराठीवर करून पाहा: 'भोलका' आणि 'ङास्प' दोन्ही मी आत्ताच बनवले, पण कोणता मराठी असू शकतो हे तुम्ही लगेच सांगाल. दहापैकी सात-आठ बरोबर आले तर पुरे. चुकीने आत घेतलेल्या शब्दांची वेगळी यादी करा. दोन-तीन जणांनी तोच शब्द घेतला असेल, तर तुम्ही न लिहिलेला एखादा नियम त्यांनी तुमच्याच शब्दांतून ऐकलेला असतो. तो लिहून घ्या.